पायाखालचा दास : एका छोट्या मोटारीचा ब्रेक बूस्टर

मोटारीचा इतिहास बहुधा वेगाच्या अंगाने लिहिला जातो. कोणत्या साली कोणती गाडी ताशी किती मैल धावली, याची नोंद चटकन सापडते. ती थांबवण्यासाठी चालकाच्या पायाला किती जोर लावावा लागला, याकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा एक लहानसा भाग पाहायचा आहे. ब्रिटनमध्ये १९५९ साली अवतरलेल्या 'मिनी' या छोट्या मोटारीला ब्रेक बूस्टर कसा आला, आणि आज जुनी मिनी जपणारे लोक तो मागाहून बसवतात तेव्हा नेमके काय करतात, हा तो भाग. हा प्रश्न जुन्या ग्रंथाच्या संपादकाला पडणाऱ्या प्रश्नाच्या बराच जवळचा आहे, म्हणून साहित्याच्या अभ्यासकांपुढे तो मांडावासा वाटतो.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'बूस्टर' हा अमेरिकन वळणाचा शब्द. ब्रिटनमध्ये त्याच वस्तूला 'सर्वो' म्हणतात. त्याचे मूळ लॅटिन 'सर्वुस', म्हणजे दास. जोसेफ फार्को या फ्रेंच अभियंत्याने १८७३ साली जहाजाचे सुकाणू वाफेच्या बळावर वळवणाऱ्या यंत्रणेसाठी 'सर्वो-मोतर' हे नाव योजले. धन्याने हात हलवावा आणि दासाने कष्ट उपसावेत, अशी ती कल्पना. धन्याचा हात थांबला की दासही थांबतो. स्वतःच्या मनाने तो काही करीत नाही. ब्रेकच्या सर्वोचे सारे तत्त्व या नावातच सामावलेले आहे.

हा दास प्रथम श्रीमंतांच्या घरी आला. १९१९ च्या हिस्पानो-सुइझा एच-६ या मोटारीत चाकांना फिरवणाऱ्या यंत्रणेचेच बळ ब्रेक दाबण्यासाठी वापरले होते. पुढे रोल्स-रॉइसनेही ती पद्धत उचलली. हवेच्या दाबावर चालणारा सर्वो बेल्जियमच्या आल्बेर दवांद्र यांचा. बॉश कंपनीने तो १९२७ च्या सुमारास बाजारात आणला आणि १९२८ मध्ये अमेरिकेत पियर्स-ॲरो मोटारींना निर्वाताचा बूस्टर मिळाला. या साऱ्या अवजड गाड्या. गाडी जितकी जड तितका पायावर भार अधिक, हे कारण खरेच. पण पैसे मोजणाऱ्याच्या पायाला त्रास होऊ नये, हाही विचार त्यामागे होता.

यंत्र तसे साधे आहे. एका डब्यात मधोमध रबरी पडदा असतो. पेट्रोल इंजिन हवा ओढून घेते तेव्हा त्याच्या मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो, आणि तो नळीने या डब्यापर्यंत आणलेला असतो. पेडल दाबले की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा शिरते, दुसऱ्या बाजूला निर्वात राहतो, आणि वातावरण पडद्याला ढकलू लागते. पडद्याचा व्यास १५ सेंटीमीटर आणि दोन बाजूंच्या दाबांतील फरक दर चौरस सेंटीमीटरला ०.६ किलो धरला, तर सुमारे १०५ किलोंचा रेटा मिळतो. एरवी आपल्याला न जाणवणारे हवेचे वजन इथे पायाच्या मदतीला येते.

आपल्याकडे रेल्वेच्या डब्यांना दीर्घकाळ निर्वात ब्रेक होते, पण तिथला न्याय उलटा होता. तिथे निर्वात ब्रेकना सोडवून धरीत असे. साखळी ओढून तो मोडला की ब्रेक आपोआप लागत. मोटारीतला निर्वात गेला तर ब्रेक लागत नाहीत. दास निघून जातो आणि धन्याला पुन्हा स्वतःच्याच बळावर पेडल दाबावे लागते.

आता मिनीकडे येऊ. १९५६ च्या सुएझ संकटाने ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई झाली, आणि त्या पार्श्वभूमीवर ॲलेक इसिगोनिस यांनी अवघ्या १० फूट लांबीची ही मोटार आखली. ८४८ सीसीचे इंजिन, १० इंची चाके आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. बूस्टर नव्हता, कारण त्याची गरज मानली गेली नाही. जेमतेम ६०० किलोंची गाडी थांबवायला दास कशाला, असा तो हिशेब होता.

या हिशेबाला ड्रमच्या एका गुणाचा आधार होता. ड्रमच्या आत दोन अर्धचंद्राकृती शू असतात. गाडी पुढे जात असताना त्यांतला एक फिरत्या ड्रमच्या ओढीने आपोआप अधिक घट्ट दाबला जातो. म्हणजे ड्रमच्या पोटातच एक लहानसा सर्वो दडलेला असतो. १९६४ मध्ये मिनीच्या पुढच्या चाकांचे दोन्ही शू अशा रीतीने काम करतील अशी रचना आली, तेव्हा हा गुण आणखी वाढला. मात्र ड्रम तापले की ब्रेकची पकड ढिली होते.

डिस्क ब्रेक उष्णता लवकर सोडतो, पण त्याला ही उपजत मदत नसते. जितका दाब द्यावा तितकीच पकड मिळते. १९६१ च्या मिनी कूपरला पुढे ७ इंची डिस्क आली, तीही बूस्टरविना. १९६३ च्या कूपर एसमध्ये ती ७.५ इंचांची झाली आणि सोबत सर्वो आला. पॅडी हॉपकर्क यांनी १९६४ ची माँटे कार्लो रॅली जिंकली ती याच जातीच्या गाडीने. साध्या मिनीला मात्र वाट पाहावी लागली. १९८४ पासून सर्वच मिनींना पुढे डिस्क मिळाली. बूस्टर त्याहीनंतर, त्या दशकाच्या अखेरीस आला. २००० साली मिनीचे उत्पादन थांबेपर्यंत ५३ लाखांहून अधिक गाड्या बनल्या, आणि त्यांतल्या बहुसंख्य चालकांनी केवळ स्वतःच्या पायावर भिस्त ठेवली.

जे तेव्हा तरुण होते ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि पुढे धावणारी नवी गाडी क्षणार्धात थांबते. म्हणून जुन्या मिनीला बूस्टर बसवला जातो. ब्रेक ऑइलची नळी वाटेत तोडून तिथे सर्वोचा डबा जोडतात. मॅनिफोल्डपासून निर्वाताची नळी आणतात आणि तिच्यात एकाच दिशेने हवा जाऊ देणारा व्हॉल्व्ह बसवतात. त्यामुळे इंजिन बंद पडले तरी एकदोनदा ब्रेक दाबण्यापुरती मदत शिल्लक राहते. नंतरच्या मिनींत ब्रेक ऑइलच्या दोन स्वतंत्र शाखा असतात. तिथे असा एकच सर्वो एकाच शाखेला मदत करतो आणि दुसरी तशीच राहते. त्यामुळे रचना वेगळी करावी लागते. शिवाय बूस्टरने टायरची पकड वाढत नाही, तापलेला ड्रमही थंड होत नाही. कमी होतात ते फक्त पायाचे श्रम.

मग ही दुरुस्ती की भेसळ? मराठीच्या विद्यार्थ्याला हा वाद परिचित आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा मूळचे काय आणि मागाहून घुसलेले काय, हाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. प्रक्षेप आपले परकेपण लपवतो. टीप ते उघड सांगते. मूळचे भाग न कापता बसवलेला, नोंद ठेवलेला आणि काढून टाकता येण्याजोगा बूस्टर मला टिपेसारखा वाटतो. शिवाय तो सर्वस्वी परका नाही; १९६३ च्या कूपर एसमध्ये निर्मात्यांनीच तो दिला होता, म्हणजे त्यांचाच तो एक पाठभेद आहे.

तरीही शुद्धतावाद्यांचे एक म्हणणे नाकारता येत नाही. जड पेडल हाही एक दस्तऐवज आहे. १९५९ साली सामान्य कुटुंबाच्या सुरक्षिततेची किंमत काय धरली गेली होती, हे कागदापेक्षा तो पायाला अधिक स्पष्टपणे सांगतो. म्हणून काही गाड्या मूळ स्थितीत राहिल्याच पाहिजेत. मात्र ज्या गाडीत आजही माणसे बसून रस्त्यावर जातात, तिच्या बाबतीत पाठशुद्धीपेक्षा समोरून रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचा विचार आधी व्हायला हवा.