संघाचें मोल

ठाणें, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यांत कबड्डीचा संघ कसा उभा राहतो, हें सांगण्यास मोठी विद्वत्ता नको. आळींतलीं पोरें सायंकाळीं मैदानांत उतरतात. कोणी जुना खेळाडू त्यांना चढाई आणि पकड शिकवितो. आणि ठाण्याच्या श्री मावळी मंडळासारख्या संस्थांनीं भरविलेल्या स्पर्धांत त्यांची परीक्षा होते. अशा संघांत खेळाडूला मोल असतें. पण त्याची किंमत कोणी पुकारीत नाहीं.

हुतुतू या नांवानें महाराष्ट्राच्या अंगणांत वाढलेला हा खेळ १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें बर्लिनला नेऊन दाखविला, आणि १९९० सालीं तो आशियाई क्रीडास्पर्धांत दाखल झाला. पुढें २०१४ सालीं प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि खेळाडूंचा लिलाव पुकारला गेला. त्या वर्षीं राकेश कुमार याला १२ लाख ८० हजारांची सर्वोच्च बोली लाभली. अवघ्या चार वर्षांनीं मोनू गोयत १ कोटी ५१ लाखांस गेला.

या लिलावाची घडण समजून घेण्याजोगी आहे. प्रत्येक संघाची थैली सारख्याच मापाची असते. २०२३ सालीं ती पांच कोटींची होती. कांहीं जुने खेळाडू राखून ठेवण्याची मुभा असते, आणि नवोदित तरुणांना थोड्या वेतनावर घेतां येतें. सोडलेल्या खेळाडूवर दुसऱ्यानें लावलेली सर्वोच्च बोली स्वीकारून त्याला परत घेण्याचीही सोय आहे. म्हणजे श्रीमंताला वाटेल तितका पैसा ओतून जय विकत घेतां येत नाहीं. एकावर अधिक खर्च केला, तर तो दुसऱ्या कोणाच्या वांट्यांतूनच काढावा लागतो.

याचा प्रत्यय २०२२ सालीं आला. तमिळ थलैवाज् संघानें पवन सेहरावत याच्यावर २ कोटी २६ लाख, म्हणजे थैलींतील निम्म्याहून अधिक रक्कम, वेंचली. पहिल्याच सामन्यांत त्याचा गुडघा दुखावला आणि तो सारा हंगाम बाहेर बसला. आतां सर्व संपलें असें कोणालाही वाटावें. पण नरेंदर नांवाच्या नवख्या चढाईपटूनें भार उचलला आणि संघ उपांत्य फेरीपर्यंत पोंचला.

पुढच्या लिलावांतील तुलना याहून बोलकी आहे. तेलुगू टायटन्सनीं त्याच पवनला २ कोटी ६० लाख ५० हजारांस घेतलें. पुणेरी पलटणनें इराणच्या मोहम्मदरझा शाद्लू याला २ कोटी ३५ लाखांस घेतलें. दोघांनींही जवळजवळ सारखाच डाव लावला. परंतु टायटन्स बावीसांपैकीं अवघे दोन सामने जिंकून तळाशीं राहिले, आणि पलटणनें १ मार्च २०२४ रोजीं हरियाणा स्टीलर्सना २८–२५ असें नमवून विजेतेपद मिळविलें. फरक कशाचा? पलटणजवळ महागड्या खेळाडूच्या आधींच एक संघ तयार होता. अहिल्यानगर जिल्ह्यांतील अस्लम इनामदार आणि त्याचा जोडीदार मोहित गोयत हे कोंवळ्या वयांत निवडलेले, एकत्र वाढलेले आणि कांहीं हंगाम सांभाळून ठेवलेले खेळाडू होते. अस्लमच त्यांचा कर्णधार होता. शाद्लूची भर पडली ती या पायावर.

कबड्डींत हें विशेष खरें ठरतें. चढाई एकट्याची असली, तरी पकड ही अनेकांच्या हातांची असते; सांखळींतील एक हात उशिरा सुटला, तर कोटींचा बचावपटूही रिता राहतो. ही एकमेकांची ओळख लिलावांत मिळत नाहीं. ती वर्षानुवर्षांच्या सरावानें येते.

म्हणूनच बोलीचे आंकडे ऐकून दिपून जाणाऱ्यांनीं मैदानाकडेही पाहावें. लिलाव तयार पीक विकतो. नांगरणी-पेरणी मात्र आधींच कोणीतरी केलेली असते. आपल्या गांवोगांवच्या मंडळांना जागा, दिवे आणि शिक्षक लाभले नाहींत, तर थैली कितीही मोठी झाली तरी तिनें विकत घ्यावें असें कांहीं उरणार नाहीं.