आपल्या गावची पांढरी

आपल्या वस्तीतले जवळजवळ प्रत्येक घर कुठल्या ना कुठल्या खेड्यातून आलेले आहे. कुणी दर्यापूरकडचे, कुणी मूर्तिजापूरकडचे, कुणी बाळापूरकडचे. विहाराच्या वर्धापनदिनाला आपण एकत्र येतो तेव्हा गावाच्या गोष्टी निघतात. त्या गावांविषयीच आज आम्ही चार शब्द लिहीत आहोत.

वऱ्हाडात गावाचे दोन भाग मानतात. काळी म्हणजे पिकाची जमीन अन् पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान् पिढ्या माणसे एका जागी राहिली की चुलीची राख, पडक्या भिंतींची माती एकमेकांत मिसळते आणि जमीन पांढुरकी होते. गाव उठून गेले की त्या जागेला रीठ म्हणतात. आमच्या लहानपणी अशा जागेवरची माती बैलगाड्या भरभरून आणत. धाब्यावर टाकायला ती चांगली. खणताना खापरं निघत, मणी निघत, पोरं ते खेळायला घेत. विचारलं तर म्हातारी माणसं म्हणत, "हाय जुन्या लोकायचं काही तरी." बस, एवढाच आपला इतिहास!

ते 'काही तरी' किती मोठे असू शकते, हे भोन गावाने दाखवले. बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या काठी हे गाव आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तेथे उत्खनन केले. मातीखालून विटांचा स्तूप निघाला. अभ्यासक त्याचा काळ मौर्यांपर्यंत, म्हणजे इ. स. पूर्व तिसऱ्या शतकापर्यंत मागे नेतात. भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून बांधलेल्या विहिरी निघाल्या. बुद्धाचा धम्म वऱ्हाडच्या मातीत सव्वादोन हजार वर्षांपूर्वी नांदत होता, याचा हा पुरावा!

पण ही जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात आली. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला गोड्या पाण्याची किंमत काय असते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. धरण नको, असे आमचे म्हणणे नाही. मात्र स्तूप वाचवण्याचा जो जो मार्ग असेल तो आधी शोधला पाहिजे. त्याची मोजमापे, नकाशे, छायाचित्रे आणि सापडलेल्या वस्तू वऱ्हाडातल्या लेकरांना वऱ्हाडातच पाहायला मिळाल्या पाहिजेत.

भोनचा स्तूप कुणी बांधला, विटा कुणी वाहिल्या, त्यांची नावे राहिली नाहीत. याउलट एक उदाहरण पाहा. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भरहुत येथे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातला स्तूप होता. त्याचे कठड्याचे दगड आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत. त्यांतल्या एका लेखात भोजकट येथील दिगनगा नावाच्या भिक्खुणीने दान दिल्याची नोंद आहे. भोजकट म्हणजे आपला वऱ्हाडचाच मुलूख. अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथे सापडलेल्या वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटातही भोजकट राज्याचे नाव आहे. राजाचे नाव तांब्यावर राहिले यात नवल नाही. पण एका साध्या भिक्खुणीचे नाव दोन हजार वर्षे टिकले, कारण कुणीतरी ते दगडावर कोरून ठेवले.

अलीकडचेही तसेच आहे. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीला अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली होती. बाबासाहेबांचे विचार छापले गेले म्हणून आज आपण वाचतो. पण त्या मांडवात कोणकोणत्या खेड्यांतून कोण कोण आले होते, शिदोरीला काय होते, परत गेल्यावर गावाने त्यांना कसे वागवले, हे घरोघर विसरले गेले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. तीही गेली की आपली पोरंसुद्धा म्हणतील, "हाय जुन्या लोकायचं काही तरी."

म्हणून आमची सर्व उपासक-उपासिकांना विनंती आहे. विहारात एक वही ठेवू या. प्रत्येक कुटुंबाने तीत आपल्या मूळ गावाचे नाव, गावच्या रिठाची जागा, पाणी कुठल्या विहिरीवर मिळत असे अन् कुठल्या विहिरीवर मिळत नसे, दीक्षेला घरातून कोण गेले, हे लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्या आजीजवळ नातवाने बसावे अन् ती बोलेल तसेच्या तसे उतरवावे. शुद्धलेखनाची चिंता करू नये. आणि सुट्टीत गावी जाल तेव्हा पांढरीवर कुणी माती खणताना दिसला, तर त्याला दोन मिनिटं थांबवा. मातीत काय निघालं ते पाहा, जागेचा फोटो घ्या, शाळेच्या गुरुजींना अन् तहसीलला कळवा.

दगड कोरणारे हात आपल्याकडे नसतील. पण बाबासाहेबांनी लेखणी तर आपल्या हाती दिली आहे.

जय भीम!