शिरगणतीच्या तक्त्यातून गायब झालेली माणसं

मंडळी, आजचा विषय ऐकून काहीजण जांभई देतील, पण पाच मिनिटं थांबा. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रकार, आणि तिच्या आतली पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव आणि आसपासच्या वाड्या. या प्रत्येक पॅरिशची १८०१ पासूनची लोकसंख्या तक्त्यात मिळते. डावीकडे पॅरिशचं नाव, वर दर दहा वर्षांचे रकाने, आत आकडे. बघताक्षणी वाटतं, टाका एक्सेलमध्ये आणि काढा आलेख!

पण थांबा. आधी हे आकडे आले कुठून ते बघू.

पहिली शिरगणती १० मार्च १८०१ ला झाली. माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध १७९८ मध्ये आला होता, फ्रान्सशी युद्ध चालू होतं, धान्य महाग झालं होतं, आणि देशात खाणारी तोंडं किती हेच सरकारला माहीत नव्हतं. जॉन रिकमन नावाच्या गृहस्थांनी हे काम अंगावर घेतलं. मोजणी केली गरिबांच्या मदतनिधीचा कारभार बघणाऱ्या गावातल्या ओव्हरसियरांनी, आणि पाद्रीबुवांनी चर्चच्या वहीतून बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं मोजून दिली. इंग्लंड आणि वेल्स मिळून सुमारे ८९ लाख माणसं निघाली. १८३१ पर्यंत सरकारला फक्त आकडे हवे होते, नावं नकोत.

नावं आली १८४१ मध्ये. तिथेही गंमत आहे. पंधराच्या वरच्या माणसाचं वय पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायचा नियम होता, म्हणजे ३४ वर्षांचा माणूस कागदावर ३० चा! नेमकं वय, कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्माची पॅरिश हे सगळं १८५१ पासून मिळतं.

आता आमच्या धंद्यातल्या माणसाला खटकणारी गोष्ट. या तक्त्याची 'की' म्हणजे पॅरिशचं नाव, आणि ती स्थिर नाही. चर्चची पॅरिश वेगळी, गरिबांसाठी कर गोळा करणारी नागरी पॅरिश वेगळी. सेंट जस्ट इन पेनविथ या खाणींच्या पॅरिशमधून १८४० च्या दशकात पेंडीन ही चर्चची पॅरिश वेगळी निघाली. वेरिंग्टन आणि नॉर्थ पेथरविन आज कॉर्नवॉलमध्ये आहेत, पण १९६६ पर्यंत ती डेव्हन काउंटीत होती. त्यांचे १८०१ चे आकडे कॉर्नवॉलच्या तक्त्यात कितीही शोधा, सापडायचे नाहीत. बॉडमिनचा आकडा बघाल तर त्यात तुरुंगातले कैदी आणि वेड्यांच्या इस्पितळातले रुग्णही मोजलेले. कारण नियम एकच, त्या रात्री जो जिथे झोपला तो तिथला.

आणि जो त्या रात्री तिथे नव्हता, त्याचं काय? माझ्या मते कॉर्नवॉलची खरी गोष्ट इथेच आहे.

काउंटीची लोकसंख्या १८६१ मध्ये ३ लाख ६९ हजार होती. १८७१ ला ३ लाख ६२ हजार, १८८१ ला ३ लाख ३१ हजार, १९०१ ला ३ लाख २२ हजार. त्याच चाळीस वर्षांत इंग्लंड आणि वेल्सची लोकसंख्या २ कोटींवरून सव्वातीन कोटींवर गेली! साथ नाही, दुष्काळ नाही, मग इथेच काय झालं? झालं असं की १८६६ मध्ये तांब्याचा भाव कोसळला आणि खाणी धडाधड बंद पडल्या. पुढे ऑस्ट्रेलियातलं स्वस्त कथिल बाजारात आलं. खाणीशिवाय दुसरं काम न येणारे पुरुष बोटीत बसले. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं मूंटा, अमेरिकेतलं मिशिगन, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका, आणि हो, आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीसुद्धा! जगभर त्यांना 'कझिन जॅक' म्हणायचे.

आता गणित बघा. १८६१ ते १९०१ मध्ये ४७ हजार माणसं कमी झाली. पण म्हणजे ४७ हजारच गेली असं नाही. या काळात जन्म मृत्यूंपेक्षा जास्तच होते, म्हणजे ती वाढ भरून काढून वर ४७ हजारांची घट! गेलेली माणसं त्याहून कितीतरी जास्त. एकूण लोकसंख्येचा रकाना हे सांगत नाही. त्यासाठी शेजारचे पुरुष आणि स्त्रिया हे दोन रकाने बघावे लागतात. आणि घरोघरच्या पानांवर तर अशा बायका भेटतात की ज्या विवाहित आहेत, घरात चार मुलं आहेत, पण नवऱ्याची ओळ नाही. कुठे मोजणाऱ्याने 'नवरा परदेशी' असं लिहून ठेवलंय, कुठे तेवढंही नाही. परदेशातून येणाऱ्या पैशांवर घर चालायचं, आणि ते थांबले की गरिबांच्या मदतनिधीकडे हात पसरायचे.

ही पानं तरी हाताशी आहेत. १९३१ ची घरोघरची पानं १९४२ मध्ये हेझ इथल्या गोदामाच्या आगीत जळाली, फक्त छापलेले एकूण आकडे उरले. १९४१ ला युद्धामुळे शिरगणतीच झाली नाही. १९२१ ची पानं शंभर वर्षांच्या गुप्ततेनंतर २०२२ मध्ये खुली झाली, आणि त्यापुढची १९५१ ची बघायला २०५२ उजाडेल. मधली तीस वर्षं शिरगणतीतून माणसांची नावं मिळणार नाहीत. (बॅकअप घ्या रे बाबांनो!)

तेव्हा असा तक्ता हाती लागला तर आलेख काढण्याआधी तीन गोष्टी बघा. हद्द बदलली का, आकड्यात तुरुंग किंवा इस्पितळ आहे का, आणि पुरुष किती, बायका किती. जुन्या अहवालांत आकडा अचानक घटला की खाली तळटीप असते, तीही वाचा. खाणी बंद पडल्या आणि लोक परदेशी गेले, एवढंच एका ओळीत लिहिलेलं असतं. त्या ओळीत किती घरं असतील, याचा हिशोब आपणच करायचा.

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.