लांबच्या नेमबाजीला काडतूस कोणते? आधी अंतर बघा, मग परवाना

शीव : पुणे-नाशिककडून एसटीने मुंबईत येणाऱ्याला वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर जायचे तर शीवला उतरणे सोयीचे पडते. दादरच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीत असताना बंदूक हातात घेतलेल्या अंजली भागवत याच रेंजवर घडल्या. पुढे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण घेऊन कांस्यपदक आणले आणि नेमबाजीचा विषय गावागावांत पोहोचला. तेव्हापासून पोरांचा एक प्रश्न ठरलेला आहे : सगळ्यात लांब मारणारे काडतूस कोणते?

प्रश्नच थोडा चुकतो. काडतूस किती लांब जाते यापेक्षा ठरलेल्या अंतरावर ते पुन्हा पुन्हा एकाच जागी पडते का, हे नेमबाज बघतो.

काडतुसाचे भाग चार. पितळी नळी, तिच्यात दारू, बुडाला पेट घेणारी टोपी आणि तोंडाला गोळी. बंदुकीच्या नळीत आतून आटे पाडलेले असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ राहते. गोळी जितकी लांब तितके आटे जास्त पिळाचे लागतात. म्हणून दुसऱ्याच्या रायफलीला चाललेले काडतूस आपल्या रायफलीला चालेलच असे नाही.

ऑलिंपिकच्या ५० मीटरला चालते ते पॉइंट टू-टू, म्हणजे .२२ लाँग रायफल. गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला साधारण ३३० मीटर. हा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेला असतो. बाजारात याच मापाची जास्त वेगाची काडतुसेही मिळतात आणि नवखा माणूस तीच उचलतो. पण ती गोळी वाटेत आवाजाच्या वेगाखाली येताना डगमगते, आणि वाऱ्यानेही जास्त वाहते. वेगवान गोळीला वारा कमी लागेल असे कुणालाही वाटेल, .२२ मध्ये मात्र उलटे आहे.

वारा किती नडतो याचा अंदाज घ्या. ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा ५० मीटरवर या गोळीला दोन सेंटिमीटरहून जास्त सरकवतो. दहा गुणांचे वर्तुळ केवढे? १०.४ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढे. हीच रायफल ५० मीटरला बांधून १०० मीटरवर मारली, तर गोळी वीतभर खाली पडते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या, त्या याच छोट्या काडतुसावर.

त्यापुढचे अंतर ३०० मीटर. १९७२ नंतर ते ऑलिंपिकमधून गेले, जागतिक स्पर्धांत अजून आहे. तिथे ८ मिलिमीटरपर्यंतची गोळी चालते. १९५२ सालचे .३०८ विंचेस्टर साधारण ११ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८०० मीटरने फेकते. जोर .२२ च्या पंचवीसपट, आणि खांद्याला बसणारा धक्काही तसाच. २००७ मध्ये आलेले ६.५ क्रीडमोर धक्क्याला हलके, त्याची बारीक लांबट गोळी वेग टिकवून धरते आणि लांबवर कमी वाहते. परदेशात हजार मीटरवर मारणारे म्हणूनच त्याच्याकडे वळले. पण आपल्याकडे सामान्य माणसाला ३०० मीटरचे मैदान मिळणेच कठीण. मैदान नाही तर ते काडतूस घेऊन करायचे काय?

शिकारीचे म्हणाल, तर तो विषय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद केला आहे. सशापासून सांबरापर्यंत, जवळचे असो की लांबचे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड. वाघ-बिबट्यासारख्या वरच्या यादीतल्या प्राण्याला ३ ते ७ वर्षे. इथे शेतकऱ्यांची मोठी गल्लत होते. शेतीसंरक्षणाचा बंदूक परवाना असला म्हणजे डुक्कर किंवा रोही मारायची मोकळीक मिळाली असे नाही. त्यासाठी वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागते. ती हातात नसताना मारले, तर पीकही गेले आणि वर गुन्हाही दाखल. डुकराने एका रात्रीत भुईमूग उकरला की माणसाचे डोके फिरते हे खरे, पण कागद आधीच करून ठेवावा.

असा परवाना बहुतेकांकडे ठासणीच्या किंवा बारा बोरच्या बंदुकीचा असतो. रायफल असलीच तर .३१५ ची. हे माप चालले त्याला इंग्रजांच्या काळातले कारण आहे. .३०३ हे फौजेचे काडतूस लोकांच्या हाती जाऊ नये म्हणून ते बंद केले, मग वेगळ्या मापाच्या रायफली निघाल्या. .३०३ आजही सामान्यांना मिळत नाही. शिवारात रायफल चालवणे बारा बोरपेक्षा फार जोखमीचे. छरे थोड्या अंतरात दमतात; .२२ ची गोळीसुद्धा दीड किलोमीटरवर माणसाला इजा करू शकते, .३०८ ची तर कित्येक किलोमीटर जाते. मागे बांध किंवा टेकडी नसेल, तर ती पुढच्या वाडीत पडेल.

तेव्हा पोराला नेमबाज करायचे तर सुरुवात १० मीटरच्या एअर रायफलने. .१७७ मापाच्या आणि २० ज्यूलपर्यंत जोर असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. खरी बंदूक मात्र २१ वर्षांखाली स्वतःच्या नावावर मिळत नाही, क्लबच्या देखरेखीत सराव करता येतो.

.२२ वर आल्यावर खर्च काडतुसांचाच. थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत ६० गोळ्या, त्याआधी नेम बसवायच्या वेगळ्या, आणि सराव रोजचा. एली, लापुआ, आरडब्ल्यूएस ही नावे सगळ्यांना माहीत असतात, पण एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. म्हणून जाणते नेमबाज आधी दोन-चार लॉटची थोडी थोडी काडतुसे घेतात, रायफल टेकवून प्रत्येकाच्या दहा-दहा गोळ्या कागदावर मारतात आणि ज्याची भोके सगळ्यात जवळ पडली, त्याच लॉट नंबरच्या पेट्या परवान्यात बसतील तेवढ्या उचलतात. बियाण्याची उगवण गोणपाटात तपासून मग पोते घ्यावे, तसाच हा प्रकार.