दोरी, दगड आणि नहर

परवा नातीच्या शाळेचा ‘पाणी वाचवा’ प्रकल्प पाहिला. थर्माकोलचं धरण, निळा रंग, वर कापसाचे ढग. सगळं दुकानातून आणलेलं! तिचं कौतुक केलं, पण मन हर्सूलला गेलं.

सन १९९० च्या आसपासची गोष्ट. तेव्हा कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुलं नाहीतर मेणबत्त्या व्हायच्या. मी आठवीच्या मुलांना विहिरी मोजायला नेलं. दोरीला हात-हातावर गाठी, टोकाला दगड. महिन्याच्या पहिल्या शनिवारी पाणी किती हातांवर लागतं ते वहीत लिहायचं. दोन महिन्यांनी एका विहिरीचं पाणी भर पावसाळ्यात दोन हात खाली गेलेलं दिसलं. मी कारणं सांगत बसलो, तोवर एक मुलगी म्हणाली, "सर, त्यांनी कठडा वाढवलाय." चूक माझीच. तेव्हापासून आम्ही आधी कठडा मोजू लागलो.

मग मुलं विचारू लागली, पूर्वी शहराला पाणी कुठून यायचं? मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली (तेच पुढचं औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर) आणि नहरीने पाणी आणलं. पुढे नहरी वाढत गेल्या. पाणचक्कीची नहर तर आमच्या हर्सूलच्या बाजूचीच.

पाणचक्कीला सहल नेली. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ही चक्की. तिथे येणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ दळलं जायचं. जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आलेलं पाणी उंच भिंतीवरून कोसळतं. पहिला प्रश्न आला, "सर, मोटार कुठंय?"

फळ्यावर आकृती काढून कुणाला पटेना. गवंडीकाम करणाऱ्या एका पालकांनी लेव्हलची नळी आणून दिली. दोन टोकं दोघांच्या हातात. एक बाकावर उभा, एक खाली. पाणी दोन्हीकडे सारख्याच उंचीवर. उगम उंचावर असला की नळातलं पाणी भिंत चढतं, ते सगळ्यांच्या लक्षात आलं. वाटेतले बंबे कशाला, तेही त्यातूनच सांगता आलं: नळात अडकलेली हवा बाहेर जावी, दाब कमी व्हावा म्हणून. पुस्तकात मलिक अंबरच्या लढाया आहेत. बंब्याबद्दल ओळ नाही!

वर्धा परिषदेत १९३७ साली गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण मांडलं. बी.ए.ला मी ते पाठ केलं होतं. खरं कळलं ते या दोरीने.

घरी गेलेल्या मुलांना आजी-आजोबांनी बहात्तरचा दुष्काळ सांगितला. खडी फोडली, मिलो खाल्ला. तेही वहीत आलं, अशुद्ध लेखनासकट. मी दुरुस्त केलं नाही.

ती वही अजून माझ्या ट्रंकेत आहे. सात विहिरी. त्यांतल्या दोन बुजवल्या, एकीवर आता तीन मजली इमारत आहे. तिच्या ओळीत मे महिन्यासमोर लिहिलंय: ‘तळाशी सहा हात पाणी. गोड.’

रविवारी नातीला दोरी घेऊन हर्सूलला नेणार आहे. गाठी मारायला ती बसलीय.