थांबवून पाहण्याची कुळकथा

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामती सोडते, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं आणि सणसरचा मुक्काम आटोपून सोहळा इंदापूर तालुक्यातल्या बेलवाडीला येतो. इथलं गोल रिंगण वाटेवरचं पहिलं. पताकावाले, तुळशीवाल्या, विणेकरी धावून झाले की अश्व सुटतात. टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं वाकतात. हल्ली त्याआधी मोबाइल वर करतात. तो व्हिडिओ घरी जाऊन हळू करून पाहावा. रिंगणाच्या कडेला उभं राहून डोळ्यांना जे कधीच गवसत नाही ते त्यात दिसतं. भरधाव घोड्याचे चारही पाय क्षणभर एकदम जमीन सोडतात, आणि त्या क्षणी ते पोटाखाली गोळा झालेले असतात. चित्रकारांनी पिढ्यान् पिढ्या घोडा रंगवला तो पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून, हवेत तरंगणारा. तसा घोडा धावतच नाही.

गोल्फचा स्विंग मोबाइलवर टिपून आपली चूक शोधणाऱ्या माणसाचं घराणं या घोड्यापासून सुरू होतं. कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर आणि रेल्वेसम्राट लेलँड स्टॅनफर्ड यांना घोड्याच्या पायांचा हाच प्रश्न पडला होता. त्यावर त्यांनी मोठी पैज लावली होती अशी कथा सांगतात, पण तिला पुरावा नाही. माणसाला पैजेशिवाय कुतूहल असू शकतं हे कथा सांगणाऱ्यांना पटत नसावं. जून १८७८ मध्ये पालो आल्टो इथे एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेला ओळीने बारा कॅमेरे मांडले, घोड्याच्या वाटेत आडवे दोरे ताणले आणि घोडा जसजसा ते तोडत गेला तसतशी एकेका कॅमेऱ्याची झडप उघडत गेली. वाद मिटला. पुढे मायब्रिजने माणसांकडे मोर्चा वळवला. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ७८१ चित्रफलकांच्या संग्रहात कुस्ती खेळणारे आहेत, आणि बॅट फिरवणाराही आहे.

आपल्याकडची शाखाही लवकरच फुटली, आणि ती फुटली ती थेट कुस्तीतून. मुंबईत फोटो स्टुडिओ चालवणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९६ साली वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं पाहिली आणि विलायतेहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती लावली आणि ती चित्रित केली. भारतीय माणसाने घेतलेली ही पहिली चित्रफीत मानतात. फिल्म धुवायला इंग्लंडला पाठवावी लागली. एका मराठी माणसाच्या हातात हलतं चित्र टिपणारं यंत्र आलं आणि त्याला पहिल्यांदा आठवला तो आखाडा, याचं मला फार अप्रूप वाटतं. पण ती फीत प्रेक्षकांसाठी होती. कोणाचा पाय कुठे चुकला, पट कसा निघाला, हे थांबवून पाहायची सोय तिच्यात नव्हती आणि तशी कोणाची मागणीही नव्हती. दादासाहेब फाळक्यांनी नंतर कुंडीतल्या वाटाण्याचं रोप वाढताना रोज थोडं थोडं टिपून महिन्याभराची वाढ मिनिटभरात दाखवली. सावकाश घडणारं त्यांनी वेगाने दाखवलं. खेळाडूला हवं होतं ते नेमकं उलटं.

त्या उलट्या वाटेचा एक मूळपुरुष ऑस्ट्रियातला धर्मगुरू ऑगस्ट मुस्गर. त्याने १९०४ मध्ये स्लो मोशनच्या यंत्राचं पेटंट घेतलं. तत्त्व अगदी साधं: चित्रं भराभर घ्यायची आणि सावकाश दाखवायची. गोल्फने ही युक्ती उचलली यात नवल नाही. चेंडू जागेवर स्थिर, खेळाडू एकटा, हालचाल दरवेळी तीच, आणि तीही इतकी झटपट की डोळ्याला फक्त सुरुवात आणि शेवट दिसतो. काठी वरून खाली चेंडूवर यायला साधारण पाव सेकंद लागतो. १९३१ साली बॉबी जोन्स या अव्वल खेळाडूने वॉर्नर ब्रदर्ससाठी गोल्फ शिकवणारे बारा लघुपट केले. थिएटरात मुख्य चित्रपटाआधी लोक ते बघायचे. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत हॅरॉल्ड एजरटन यांनी तर अंधारात कॅमेऱ्याची झडप उघडीच ठेवून सेकंदाला शंभर वेळा दिवा लखलखवला. १९३८ सालच्या त्यांच्या चित्रात डेन्समोर शूट याचा एक स्विंग एकाच फोटोवर पंख्याच्या पात्यांसारखा उलगडलेला दिसतो. काठीची दांडी वाकते कुठे, हात मंदावतात कुठे आणि काठीचं टोक वेग घेतं कुठे, सगळं त्यात वाचता येतं.

तरीही पुढची कितीतरी वर्षं हे सगळं प्रयोगशाळांच्या, स्टुडिओंच्या आणि पैसेवाल्यांच्या हातात राहिलं. फिल्म महाग, धुवून येईपर्यंत खेळाडू आपण काय केलं होतं तेच विसरलेला. व्हिडिओ टेप आली तेव्हा धुण्याची भानगड संपली, पण कॅमेरा मात्र प्रशिक्षकाच्या कपाटात राहिला.

आपल्या भागात थांबवलेलं चित्र आलं ते भांडण सोडवायला. १४ नोव्हेंबर १९९२ रोजी डर्बनच्या कसोटीत जॉन्टी ऱ्होड्सच्या फेकीवर सचिन तेंडुलकर धावचीत की नाही, हे तिसऱ्या पंचाने टीव्हीवर पाहून ठरवलं. टीव्ही रिप्लेवर बाद दिला गेलेला कसोटीतला तो पहिला फलंदाज. त्यानंतर गल्लीतल्या क्रिकेटमध्येसुद्धा पोरं रिप्ले मागायला हवेत बोटांनी चौकोन काढू लागली. कुस्तीच्या मॅटवरही प्रशिक्षक आता निर्णयाला आव्हान देतो आणि पंच पडद्याकडे वळतात. २०२५ च्या अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या लढतीत खांदे टेकले की नाही यावर रान पेटलं, आणि नंतर कितीतरी दिवस गावोगावी माणसं तो एवढासा तुकडा पुढेमागे करत पंचगिरी करत होती. घोडा, धावचीत, चितपट. या घराण्याची मूळ वृत्तीच न्यायनिवाड्याची आहे असं मला वाटतं. शिकवणं त्याला फार उशिरा सुचलं.

ते सुचलं कारण कॅमेरा खेळणाऱ्याच्याच खिशात आला. २०१४ च्या आयफोन ६ मध्ये सेकंदाला २४० चित्रं घेण्याची सोय होती. पुढे ती स्वस्त फोनांतही झिरपली. साधा व्हिडिओ सेकंदाला तीस चित्रं घेतो, म्हणजे काठी खाली येतानाची जेमतेम सात-आठ हाती लागतात. २४० च्या वेगाने तीच साठ होतात. बारामती-इंदापूरकडे गोल्फ म्हणजे पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिकला खेळला तेव्हा पेपरात वाचला तेवढाच. पण हा फोन तालमीत आणि क्रिकेटच्या नेटमध्ये केव्हाच पोचला. बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर २०२० मध्ये रणजी सामना झाला. त्या गावातल्या पोराला आपली गोलंदाजी मोबाइलवर पाहायला आता कोणाच्या परवानगीची गरज नाही.

तालमीतलं एक उदाहरण जवळून पाहू. एकेरी पट काढायला, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून ओढायला, पोरगं झेपावतं तेव्हा त्याची मान खाली जाते, पाठ गोल होते आणि समोरचा वरून दाबून बसतो. वस्ताद "मान वर, मान वर" म्हणून घसा कोरडा करतात. पोराला मात्र मनोमन खात्री असते की मान वरच होती. फोन विटेला टेकवून घेतलेला व्हिडिओ दाखवला की ते गप्प होतं. गोल्फ शिकणाऱ्याचं दुखणं हेच: काठी आपण किती मागे नेली याचा त्याचा अंदाज आणि पडद्यावरची काठी यांचा मेळ बसत नाही. शरीराला आतून जे जाणवतं त्यावर भरवसा ठेवू नये हे वस्ताद आधीपासून सांगत होते. फोनने त्यांना साक्षीदार मिळवून दिला.

पण साक्षीदार कुठे उभा आहे हे बघावं लागतं. गोल्फमध्ये फोन हातांच्या उंचीवर ठेवतात, एकदा समोरून आणि एकदा चेंडू जाणार त्या रेषेत मागून. हातभर डावी-उजवीकडे सरकला तर सरळ आलेली काठी तिरकी दिसते आणि माणूस नसलेली चूक महिनाभर दुरुस्त करत बसतो. तालमीतही तसंच. हौद्याच्या कठड्यावर उभं राहून वरून घेतलेल्या व्हिडिओत मान वर आहे की खाली ते कळतच नाही. फोन मातीच्या पातळीला, बाजूने हवा. आणखी एक खोड फोनची स्वतःची. त्याचा सेन्सर सगळं चित्र एकदम घेत नाही, ओळीओळीने घेतो. त्यामुळे वेगातली काठी पडद्यावर केळीच्या आकाराची वाकलेली दिसते. एजरटन यांच्या फोटोतला बाक खरा होता, हा खोटा. आणि काठी-चेंडूची भेट तर सुमारे अर्ध्या मिलिसेकंदात संपते. २४० च्या वेगात दोन चित्रांमध्ये चार मिलिसेकंदांहून जास्त फट राहते, त्यामुळे नेमका आघात बहुतेक वेळा त्या फटीतच निसटतो.

जत्रेतल्या कुस्त्या हल्ली यूट्यूबवर थेट दिसतात आणि नंतरही तिथेच पडून राहतात. त्यामुळे आता मोठ्या इनामाची कुस्ती ठरली की पैलवान स्वतःच्या व्हिडिओआधी समोरच्याचे व्हिडिओ काढून बसतो: हा कोणत्या हाताने पकड घेतो, दमल्यावर कोणता पाय पुढे टाकतो. पूर्वी एका जत्रेत मारलेला हुकमी डाव पंचक्रोशीबाहेर नवाच असायचा. आता तो चैत्रात एका गावात मारला की पुढच्या जत्रेपर्यंत समोरच्याने त्याची तोड बसवलेली असते.