'कामात लक्ष नाही' : एका शेऱ्याचा इतिहास

कामगार-चळवळीत आयुष्य घातलेल्या आमच्यासारख्यांनी मेंदूविषयी बोलावे, याचे कोणास नवल वाटेल. परंतु 'कामात लक्ष नाही' या शेऱ्याचे मेमो आम्ही ढिगांनी वाचले आहेत, आणि त्यांतले बहुतेक विशी-पंचविशीतल्या पोरांचे होते.

अवधान टिकत नाही अशा माणसांचे वर्णन अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश डॉक्टराने 1798 मध्येच केले होते. पुढे 1902 मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल यांनी तीन व्याख्याने दिली. (तीही व्याख्यानमालाच म्हणावयाची!) बुद्धी चांगली असूनही स्वतःला आवरता न येणाऱ्या मुलांबद्दल ते बोलले. कारण शारीरिक असावे असा त्यांचा कयास होता. पण नाव दिले ते 'नैतिक संयमाचा दोष' असे. नावच चिकटले. 1937 मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी बेंझेड्रिन दिलेल्या तीस मुलांपैकी सुमारे निम्म्यांचा अभ्यास एकदम सुधारला. नीती गोळीने सुधारत नसते! आजचे 'एडीएचडी' हे नाव 1987 चे.

घ्राणेंद्रियावरही असाच अन्याय झाला. पॉल ब्रोका या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात माणसाचे नाक दुबळे ठरवले, ते नाकाची परीक्षा न घेता, मेंदूचा आकार पाहून. हा समज निराधार असल्याचे जॉन मॅकगॅन यांनी 2017 मध्ये सप्रमाण मांडले.

या दोन गोष्टींचा संबंध काय? डोळ्यांच्या वर मेंदूचा जो भाग आहे, तो वासाची पारख करतो आणि मनाची ओढही आवरतो. डोपामिन हे द्रव्य दोहोंकडे लागते. म्हणून संशोधक एडीएचडी असलेल्यांना वास भरलेली पेने हुंगावयास देतात. निष्कर्ष मात्र जुळत नाहीत : 2008 मध्ये जर्मनीत औषध न घेणाऱ्या मुलांचे नाक उलट अधिक तीक्ष्ण आढळले, तर इतरत्र वास ओळखण्यात काही मुले मागे पडली.

आमच्या मते अधिक मोलाचा शोध साधा आहे. हा माणूस सदासर्वदा संथ नसतो. एकच काम तो आता झटकन करतो आणि घटकेने रेंगाळतो. मेमो लिहिणाऱ्याला यात मुद्दाम केलेली कुचराई दिसते. निदान करणारा डॉक्टर मात्र बारा वर्षांच्या आतली हकीकत विचारतो, शाळेत काय होत असे, घरी काय होत असे. आमच्या पाहण्यातल्या एकाही चौकशीत हा प्रश्न कोणी विचारलेला नाही.